गाडीभाडे कमी कसे करावे? उद्योजक, व्यापारी आणि गाडीमालक, तिघांनीही लिहावे

उद्यमबागेतला_ओतकामवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचा ओतकामाचा छोटा कारखाना आहे. महिन्याला साधारण दीडशे टन कास्टिंग (साच्यात ओतलेले लोखंडी भाग) बाहेर पडते. त्यातले बहुतेक चाकण आणि पिंपरी-चिंचवडला जाते, थोडे होसूरला. कच्चे लोखंड कोप्पळकडून येते, कधी गोव्यातून, आणि वाळू कासार्ड्याच्या बाजूने. म्हणजे आत येणाऱ्या मालावरही भाडे आणि बाहेर जाणाऱ्या मालावरही भाडे. दिवाळीनंतर वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा कच्चा माल, वीज आणि पगार सोडल्यास सर्वांत मोठा आकडा गाडीभाड्याचा निघाला, आणि तो वाढला आहे हे मला मुनीमाने सांगेपर्यंत कळलेही नव्हते.

घासाघीस करून झाली. दोन वर्षांत तीन ट्रान्स्पोर्टवाले बदलले. प्रत्येक नवा माणूस पहिला महिना गाडीमागे पाचशे-हजार रुपये कमी घेतो, दुसऱ्या महिन्यात जुन्या दरावर येतो आणि तिसऱ्या महिन्यात ‘सध्या गाड्याच नाहीत साहेब’ असे म्हणू लागतो. दर पाडून मागण्यापलीकडे माल पाठवणाऱ्याच्या हातात काही असते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी स्वतः काही करून पाहिले आहे त्यांनी लिहावे.

निपाणीकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.०५

गाडी तवंदी घाटापर्यंत ढकलत न्यावी. पुढे निपाणीपर्यंत उतारच आहे, डिझेल लागणार नाही. परतीचे मात्र विचारू नये.

दहा_चाकी | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

ओतकामवाले साहेब, मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझ्या दोन दहा चाकी गाड्या आहेत आणि दोन्ही केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगच्या आहेत. तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण दर पाडण्यापलीकडे काही असते का, असे विचारणारा पहिलाच कारखानदार मला भेटला.

गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. गाडी चालली की होणारा एक आणि गाडी उभी राहिली तरी होणारा दुसरा. डिझेल, टायर आणि टोल हा पहिला प्रकार. बँकेचा हप्ता, विमा, परमिट, कर आणि चालकाचा पगार हा दुसरा. माल पाठवणारे लोक फक्त पहिला प्रकार डोळ्यांसमोर ठेवून ‘किलोमीटर इतके, डिझेल इतके, मग भाडे इतके का?’ असे विचारतात.

उदाहरण म्हणून हिशेब मांडतो. समजा, एका गाडीचा उभा खर्च महिन्याला एक लाख वीस हजार आहे, म्हणजे दिवसाला चार हजार. बेळगाव ते चाकण एका बाजूने पावणेचारशे किलोमीटर धरू. जाऊन-येऊन साडेसातशे. लिटरला चार किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरले तर सतरा हजारांच्या आसपास डिझेल लागते. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे सहा टोल नाके जाताना आणि तेवढेच येताना. हे आकडे तुम्ही कितीही भांडलात तरी हलणार नाहीत. पण ही फेरी तीन दिवसांत झाली तर तिच्यावर उभा खर्च बारा हजार पडतो, आणि चार दिवस लागले तर सोळा हजार. हे चार हजार रस्त्यावर खर्च झालेले नसतात. ते एक तर तुमच्या फाटकात खर्च होतात किंवा तुमच्या गिऱ्हाइकाच्या फाटकात.

मी दर सांगताना कारखान्याचे नाव ऐकतो आणि मगच आकडा बोलतो. सगळेच गाडीमालक असे करतात, फक्त तोंडाने सांगत नाहीत. ज्या कारखान्यात सकाळी गाडी लावली की दुपारी सुटते, त्याला एक भाव आणि जिथे मुक्काम पडतो त्याला दुसरा.

उद्यमबागेतला_ओतकामवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

हिशेब पटला, परंतु आमच्याकडे गाडी फार वेळ थांबत नाही. दोन, फार तर तीन तासांत भरून बाहेर पडते. अडचण पुण्याकडच्या गिऱ्हाइकाकडे आहे, आणि तिथे आमचे काही चालत नाही.

दहा_चाकी | १० नोव्हेंबर, दुपारी २.५०

तुमचा कारखाना मला माहीत नाही, त्यामुळे हे तुमच्याविषयी आहे असे समजू नये. गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगतो. एका कारखान्याने सकाळी दहाला गाडी मागवली. मी साडेनऊला लावली. साडेअकरापर्यंत क्रेन रिकामी नव्हती. मग कळले की निम्म्या कास्टिंगवरचा प्रायमर (गंजरोधक रंगाचा पहिला हात) ओला आहे आणि तो पावसाळी हवेत वाळायला तयार नाही. दुपारी तीनला माल गाडीत चढला. तोवर टेस्ट सर्टिफिकेटवर सही करणारे सुपरवायझर दुसऱ्या पाळीला येणार असल्याचे समजले. सही झाली, तर इनव्हॉइसवर हीट नंबर, म्हणजे ओतकामाच्या खेपेचा नंबर, चुकलेला. तो दुरुस्त करायला ऑफिसातला मुलगा घरून परत आला. माझा चालक फाटकाबाहेर स्टोव्हवर भात शिजवून, जेवून, भांडी घासून बसला होता. रात्री पावणेनऊला गेटपास मिळाला, आणि त्यानंतर भर पावसात ताडपत्री आणि दोर बांधण्यात आणखी पाऊण तास गेला.

त्या कारखान्याच्या मालकांना विचारले असते, तर त्यांनीही ‘दोन-तीन तासांत गाडी सुटते’ असेच सांगितले असते, कारण त्यांच्या दृष्टीने गाडी म्हणजे क्रेन चालू झाल्यापासून माल चढेपर्यंतची वेळ. माझ्या दृष्टीने गाडी फाटकात आल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंतची वेळ. आपल्या वॉचमनकडच्या वहीत दोन्ही वेळा लिहिलेल्या असतात. ती वही एकदा चाळून पाहावी, एवढीच विनंती.

हिशेबनीस | १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

दहा_चाकी यांच्या मुद्द्याला ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, एक जोड देतो. साध्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. त्याआधी ती १०० किलोमीटरला एक दिवस होती. चाकणसाठी दोन दिवस मिळतात. पण गाडीचा नंबर भरला की मुदत सुरू होते. ऑफिसने उत्साहाने सकाळीच नंबर भरून ठेवला आणि गाडी प्रायमर वाळण्याची वाट पाहत उभी राहिली, तर मुदत फाटकातच खर्च होऊ लागते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, परंतु त्या वेळी रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि संबंधित मुलाचा फोन बंद असतो. मुदत संपलेली गाडी पकडली गेली, तर दंडाचा आकडा कराच्या दुप्पट असतो. वर्षभर घासाघीस करून वाचवलेले पैसे एका रात्रीत जातात.

करांविषयी आणखी एक गैरसमज नेहमी दिसतो. बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) देणारा ट्रान्स्पोर्टवाला स्वतः कर लावत नसेल, तर नोंदणीकृत कारखान्याला भाड्यावर ५ टक्के जीएसटी स्वतः भरावा लागतो, आणि आपला माल करपात्र असेल तर त्याची वजावटही मिळते. जो ट्रान्स्पोर्टवाला वजावटीसह कर लावण्याचा पर्याय घेतो, त्याचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला आहे. दोन कोटेशनची तुलना करताना अनेक जण कर धरून आलेला अंतिम आकडा पाहतात आणि १८ टक्केवाल्याला महाग समजून परत पाठवतात. वजावट मिळणाऱ्याने कर बाजूला ठेवून मूळ भाड्याचीच तुलना करावी. ज्याला वजावट मिळत नाही, त्याने मात्र अंतिम आकडाच पाहावा.

वडगावची_साडी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

आमचे दुखणे अगदी उलट आहे. आमच्या घरी चार माग आहेत आणि साड्या पार्सलने जातात; पूर्ण गाडी आम्हाला आयुष्यात लागलेली नाही. पहिली काही वर्षे मी साड्या छान दिसाव्यात म्हणून मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत सैल भरून पाठवत होते. पार्सल कंपनीचे बिल वजनापेक्षा जास्त किलोंचे यायचे आणि मी दर वेळी ‘तुमचा काटा बिघडला आहे’ म्हणून भांडायचे. शेवटी बुकिंगच्या खिडकीवरच्या एका वयस्कर काकांनी टेप काढून खोके मोजून दाखवले. हलक्या मालाला ते घनफुटावर किलो धरतात, म्हणजे खोक्याने अडवलेल्या जागेचे भाडे घेतात. कोणी घनफुटाला सहा किलो धरतो, कोणी दहा. मी हवा पाठवत होते आणि तिचे भाडे भरत होते.

त्यानंतर आम्ही साडीच्या घडीच्या मापाचीच खोकी करून घेतली, आणि घाऊक गिऱ्हाइकाला तर दाबून बांधलेला गठ्ठाच पाठवतो. माल तेवढाच, बिल बरेच कमी. शिवाय आता दर विचारताना ‘किलोला किती’ एवढेच न विचारता ‘घनफुटाला किती किलो धरता’ हेही विचारते. किलोचा दर सगळे जण गोड बोलून कमी करतात आणि घनफुटात वसूल करतात.

निपाणीकर | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.००

‘हवेचे भाडे’ हा शब्द आवडला. आमच्या तंबाखूच्या बोदांना (गठ्ठ्यांना) हे तंतोतंत लागू पडते.

पण ओतकामवाल्यांच्या मालाला हे लागू नाही. त्यांच्या गाडीचे वजन आधी भरते आणि वरची निम्मी गाडी मोकळी जाते. त्यांनी वडगावच्या ताईंच्या साड्या वर टाकाव्यात.

वडगावची_साडी | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

ओल्या प्रायमरवर? आपले उपकार नकोत.

कंग्राळीचा_भाजीवाला | ११ नोव्हेंबर, रात्री १०.४०

वरचे सगळे कारखान्यांना ठीक आहे. आमच्याकडे गाडी थांबवण्याचा प्रश्नच नाही, कारण कोबी आणि कोथिंबीर थांबत नाहीत. रात्री गोव्यासाठी भरलेली गाडी पहाटे बाजारात उभी राहिली नाही तर भाड्याचे सोडा, मालाचेच पैसे होत नाहीत. त्यामुळे आम्ही दरात कधीच ताणत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात झाड किंवा दरड पडली, तर चालक अनमोडकडून वळसा घालून जातो, आणि तो वळसा न मागता घालणारा चालक मला पाचशे रुपये स्वस्त गाडीपेक्षा मोलाचा वाटतो.

आमची बचत एकाच गोष्टीत झाली. आम्ही तिघे व्यापारी पूर्वी तीन टेंपो पाठवत होतो, आणि तिन्ही अर्धे-मुर्धे भरून जायचे. आता एक मोठी गाडी तिघांत करतो. कोणाचा माल आधी उतरणार यावरून पहिले दोन महिने रोज वाद झाला. आता नियम केला आहे: ज्याचा माल शेवटी भरला, त्याचा आधी उतरणार, आणि उशिरा येणाऱ्यासाठी साडेनऊनंतर गाडी थांबणार नाही. माझा सख्खा मेहुणा एकदा पावणेदहाला पोचला आणि त्याचे टोमॅटो राहिले. घरी आठवडाभर अबोला होता, पण तेव्हापासून गाडी वेळेवर सुटते.

खानापूर_रोड | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.००

परतीच्या गाडीचा विषय अजून कोणी काढलेला नाही याचे आश्चर्य वाटते. पुण्याकडून बेळगावला माल टाकून रिकामी परतणारी एमएच पासिंगची गाडी पकडली, तर भाडे स्पष्ट कमी पडते, कारण त्या मालकाला जाण्याचे पैसे आधीच मिळालेले असतात. मी दोन दलालांना सांगून ठेवले आहे. गाडी रिकामी झाली की फोन येतो.

दहा_चाकी | १२ नोव्हेंबर, दुपारी १.३०

परतीची गाडी स्वस्त पडते हे खरे आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती गाडी तुमच्या वेळेवर येत नाही. तिच्या वेळेवर तुमचा माल तयार असावा लागतो. ज्याच्याकडे प्रायमर वाळलेला माल दोन दिवस आधी बांधून ठेवलेला असतो, त्यालाच तिचा फायदा होतो. बाकीचे ‘उद्या सकाळी या’ म्हणतात, आणि परतीची गाडी उद्यापर्यंत थांबत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागातली. नॅशनल परमिटची एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी बेळगावात माल भरून कोल्हापूर-पुण्याला नेऊ शकते, परंतु बेळगावात भरून हुबळी किंवा बेंगळुरूत उतरवू शकत नाही. परक्या राज्यातल्या दोन ठिकाणांमधला माल वाहण्याची तिला परवानगी नसते. आपल्या केए-२२ गाडीचेही तेच. तिला कोल्हापुरात भरून पुण्यात उतरवता येत नाही. स्वस्त मिळते म्हणून कोणी एमएच गाडीत बेंगळुरूचा माल भरतो आणि पकडले गेल्यावर आमच्यासारख्यांना फोन करतो.

नवा_सभासद_२२ | १२ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

सोपा उपाय सांगू का? गाडीत चार टन जास्त भरावेत. भाडे तेवढेच, माल जास्त.

दहा_चाकी | १२ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५५

हा उपाय सुचवणारे रोज भेटतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. दहा चाकी गाडीचे मालासह एकूण वजन २०१८ साली २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन करण्यात आले. म्हणजे जी सवलत द्यायची ती सरकारने आधीच दिलेली आहे. त्यावर भरले तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. चार टनांचे अठ्ठावीस हजार झाले. कायद्यात चालवणाऱ्याबरोबर ‘चालवायला लावणारा’ही धरलेला आहे, हे माल भरणाऱ्यांनी विसरू नये. आणि दंड बाजूला ठेवला तरी तवंदीच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर ब्रेक तापतात ते माझ्या चालकाच्या पायाखाली.

नवा_सभासद_२२ | १२ नोव्हेंबर, सायंकाळी ७.२०

क्षमस्व. मी खताच्या दुकानात बसतो, ट्रॉलीच्या हिशेबाने बोलून गेलो.

निपाणीकर | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

स्वतःची गाडी घेण्याविषयी कोणी बोलत नाही. मी बोलतो, कारण मी घेऊन विकली आहे. भाडे देऊन देऊन कंटाळलो आणि २०१६ मध्ये जुनी आयशर घेतली. जाताना माझा माल असायचा, येताना रिकामी. येताना दुसऱ्याचा माल भरायचा म्हटले तर त्यासाठी दलाल सांभाळा, उधारी सांभाळा. चालक सुट्टीवर गेला की गाडी दारात, आणि ऊसतोडणी सुरू झाली की चालक साखर कारखान्याच्या वाहतुकीवर. तीन वर्षांनी हिशेब केला तेव्हा माझ्याच गाडीला मी बाजारभावापेक्षा जास्त भाडे देत होतो. रोज ठरलेल्या फेऱ्या आणि दोन्ही बाजूंनी माल असेल, तरच स्वतःची गाडी परवडते.

खानापूर_रोड | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

हंगामाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर ते मार्च आपल्या पट्ट्यात गाड्या आणि चालक उसाकडे ओढले जातात. त्यातच प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत सगळ्या कारखान्यांना विक्रीचा आकडा पुरा करायचा असतो, आणि मार्चअखेरीस तर कहरच होतो. ज्या दिवशी सगळे जण गाडी मागतात त्या दिवशी आपणही मागायची, आणि भाडे वाढले म्हणून ओरडायचे, याला अर्थ नाही. आम्ही दोन गिऱ्हाइकांना समजावून महिन्याच्या दहा आणि वीस तारखेच्या आसपासचे वेळापत्रक घेतले. एकाने ऐकले, एकाने ऐकले नाही. ज्याने ऐकले त्याच्या मालावर फरक दिसतो.

आणि बंदचे दिवस वेगळेच. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोल नाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. त्यानंतर कित्येक दिवस कोल्हापूरकडचे गाडीमालक इकडे यायला तयार नव्हते, आणि जे यायचे ते जास्त भाडे मागायचे. हे चालूच राहणार, जोवर

संपादक मंडळ | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

वरील प्रतिसादातील उत्तरार्ध वगळला आहे. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे आणि तो अकराशे प्रतिसादांवर पोचला आहे. येथे कृपया भाड्याविषयीच लिहावे.

खानापूर_रोड | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.३५

भाड्याविषयीच लिहीत होतो. असो.

हिशेबनीस | १४ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मूळ धागाकर्त्यांच्या ‘दुसऱ्या महिन्यात दर पुन्हा चढतो’ या तक्रारीवर एक उपाय आहे, आणि तो माझ्या दोन अशिलांकडे चालू आहे. वर्षाचा दर ठरवताना त्या दिवशीचा डिझेलचा भाव करारातच लिहून ठेवावा. भाड्यात डिझेलचा वाटा किती, हे दोघांनी मिळून ठरवावे. समजा, निम्मा धरला. मग डिझेल चार टक्के वाढले तर भाडे दोन टक्के वाढेल, आणि डिझेल उतरले तर तेवढेच उतरेल. कर्नाटकात जून २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढला. दुसऱ्या वाढीनंतर राज्यातल्या लॉरीमालकांनी संपही केला. त्या काळात ज्यांच्याकडे असा करार होता, त्यांच्याकडे नुसता आकडेमोडीचा फोन आला. बाकीच्यांकडे ‘गाड्या नाहीत’ असा फोन आला.

कराराची दुसरी बाजू पैसे देण्याची. भाड्याची बाकी नव्वद दिवस अडकवून ठेवणारे बरेच आहेत, आणि त्यांना ती बिनव्याजी उधारी वाटते. गाडीमालकाला डिझेल मात्र रोखीने भरावे लागते, त्यामुळे तो नव्वद दिवसांचे व्याज दरात घालूनच बोलतो. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर करार असल्यास ४५ दिवसांच्या आणि नसल्यास १५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि मुदतीबाहेर जाऊन वर्षअखेर थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही.

दहा_चाकी | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

पोच (माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती) मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बाकी चुकती करणाऱ्याला मी आजही कमी दर देतो. लेखी द्यायला तयार आहे. पण पोच कारखान्याच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर पडून राहते आणि वर ‘पोच मिळालीच नाही’ असे सांगतात, त्याचे काय करावे?

वडगावची_साडी | १४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

चालकाला गिऱ्हाइकाच्या फाटकातूनच सही-शिक्क्याच्या पोचेचा फोटो पाठवायला सांगावा. आमच्या गल्लीतला दूधवालासुद्धा हे करतो.

उद्यमबागेतला_ओतकामवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

सर्वांचे आभार. विम्याविषयी एक अनुभव मीही नोंदवतो, कारण भाडे वाचवण्याच्या नादात मी तो भोगला आहे. एका पावसाळ्यात स्वस्त दराच्या गाडीने साडेआठ लाखांचा, मशीनिंग झालेला माल पाठवला. ताडपत्री फाटकी निघाली आणि माल गंजून परत आला. त्या ट्रान्स्पोर्टवाल्याने बिल्टीच्या मागची बारीक अक्षरे दाखवली. वकिलांकडे गेलो तेव्हा समजले की, बिल्टीवर जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट एवढ्यावरच थांबते, आणि लेखी नोटीसही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. माझे भाडे बावीस हजार होते. पुढचा हिशेब वाचकांनी करावा. आता ट्रान्झिट विमा वर्षाचा घेतो आणि गाडी भरण्यापूर्वी ताडपत्री उन्हात उघडून बघतो. भोक दिसले की गाडी परत.

वॉचमनची वही मात्र अजून पाहिलेली नाही. पाहतो.

निपाणीकर | ४ जानेवारी, रात्री ९.००

ओतकामवाले वही शोधत आहेत की वॉचमनला?

उद्यमबागेतला_ओतकामवाला | २५ जानेवारी, रात्री १०.२०

उशिराबद्दल क्षमा असावी. नोव्हेंबरात वही पाहिली आणि दहा_चाकी यांच्यावर मनातल्या मनात जो राग धरला होता, तो सोडला. आधीच्या महिन्यातल्या नऊ गाड्यांपैकी तीन तासांच्या आत सुटलेल्या फक्त दोन निघाल्या. दोन गाड्यांचा आमच्या फाटकात मुक्काम पडला होता. मला वाटत होते की क्रेन कमी पडते, आणि मी दुसऱ्या क्रेनचे कोटेशनही मागवले होते. प्रत्यक्षात सर्वाधिक वेळ प्रायमर वाळण्यात आणि कागदांत गेला होता.

मग तीन गोष्टी केल्या. गाडी मागवण्याचा फोन माल रंगून, वाळून, मोजून, क्रेटमध्ये बसल्यानंतरच करायचा, आधी नाही. टेस्ट सर्टिफिकेट आणि इनव्हॉइसचा मसुदा आदल्या संध्याकाळी तयार ठेवायचा. ई-वे बिलात गाडीचा नंबर माल चढल्यावरच भरायचा. पहिला नियम पाळताना आमच्या विक्री विभागाशी माझे दोन वेळा कडाक्याचे भांडण झाले, कारण गिऱ्हाइकाला ‘गाडी लागली आहे’ असे सांगण्याची त्यांना सवय आहे. डिसेंबरपासून आजवर पंधरा गाड्या गेल्या. त्यांतल्या अकरा तीन तासांच्या आत सुटल्या, मुक्काम एकाही गाडीचा पडला नाही.

दर लगेच कमी झाला असे म्हणणार नाही. हंगाम उसाचा आहे आणि सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे गाड्यांचा वेळ वाढलेलाच आहे. पण मुक्कामाचे वेगळे लागणारे पैसे पूर्ण थांबले, आणि ट्रान्स्पोर्टवाल्याने हंगामातली नेहमीची वाढ या वेळी मागितली नाही. डिझेलचे कलम त्याने आनंदाने मान्य केले, उलट ‘हे तुम्हाला कोणी सांगितले’ असे विचारले.

नवीन भानगड ही निघाली की, चाकणहून आमचे रिकामे लोखंडी क्रेट परत येतात, त्यांचेही भाडे आम्हीच भरतो, आणि क्रेटमध्ये हवा असते. वडगावच्या ताईंचा शब्द तेव्हा आठवला. आता घडी होणारे क्रेट करून घेत आहे. एका गाडीत येणाऱ्या क्रेटची संख्या तिपटीने वाढेल असा आमच्या फिटरचा दावा आहे. तो खरा ठरला तर लिहीन, खोटा ठरला तरी लिहीन.

दहा_चाकी साहेब, येत्या गुरुवारी चाकणला सतरा टन जायचे आहेत. माल आज संध्याकाळीच बांधून झाला. आपल्या दोनपैकी एखादी गाडी मोकळी आहे का?

दहा_चाकी | २५ जानेवारी, रात्री १०.४५

एक गाडी बुधवारी रात्री कोप्पळहून कच्चे लोखंड घेऊन मच्छेला उतरते आहे. गुरुवारी सकाळी नऊला तुमच्या फाटकात लावतो. चालक भाताचे भांडे घेऊनच येईल, पण स्टोव्ह पेटवण्याची वेळ येऊ देऊ नये.

वडगावची_साडी | २५ जानेवारी, रात्री १०.५०

आणि ताडपत्री उन्हात उघडून बघा.